हिरव्या छत्रीचा पाणघोडा

तिची आणि त्याची पहिली भेट झाली तेव्हा आभाळात वीज वगैरे कडाडली नाही, पण रद्दीच्या दुकानातली अर्धी मांडणी मात्र कोसळली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, फाटके शब्दकोश आणि एक बिनपात्यांचा पंखा अंगावर घेऊन तो ढिगाऱ्यातून भुईछत्रासारखा उगवला. हातात लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. ते तिच्या नाकासमोर धरून म्हणाला, "ताई, एवढं सांगा, ह्या पाणघोड्याची छत्री लाल की हिरवी?"

"लाल."

त्याचं तोंड असं उतरलं, की तिला वाटलं आता ह्याला पाणी पाजावं लागणार.

वर्षभरात त्याने त्याच ताईशी लग्न केलं. नणंद अजून चिडवते, "वहिनी, तुमच्यासारखी बढती कुणाला मिळत नाही हो."

तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. जगाची नजर सुधारणाऱ्या ह्या गृहस्थाला लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच मातकट दिसत. अशा माणसाने गेलाबाजार शिंपले जमवावेत. पण ह्याला एकाच पाणघोड्याच्या पुस्तकाची निरनिराळी मुखपृष्ठं हवी होती. शेपूट छापायचं राहिलेलं, नाव उलटं पडलेलं, सगळी मिळाली. राहिली ती फक्त हिरवी छत्री. पहिल्या छपाईत शाई चुकली म्हणून तिच्या मोजक्याच प्रती बाहेर पडल्या होत्या. लोक रविवारी बायकोला हवा खायला नेतात. हा तिला रंग ओळखायला न्यायचा.

घराला खिडकी एकच, आणि तिच्यापाशी छतापर्यंत पाणघोड्यांचे खोके. ती कपडे शिवून द्यायची, पण तिचं मशीन स्वयंपाकघरात, गॅसला खेटून. गिऱ्हाइकांच्या नव्या कपड्यांना कांद्याचा वास यायचा.

"अहो, खिडकी मला द्या. अंधारात सुई ओवून डोळे जातील माझे."

"हिरवी छत्री मिळू दे. मग खोके माळ्यावर, संग्रह बंद. शब्द दिला."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर तुला चष्मा फुकट."

पुढच्याच रविवारी एका दुकानात तिच्या हाताला पाणघोडा लागला. छत्री लालभडक. तो शेजारी श्वास रोखून उभा. तिने एकदा छत्रीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि कांद्याचा वास आठवला.

"हिरवी," ती म्हणाली.

"नक्की?"

"हिरवीगार."

रद्दीवाल्याने तोंड उघडलं होतं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्याने सुतळी शोधू लागला.

घरी त्याने ते पुस्तक जुन्या लाल प्रतीशेजारी ठेवलं, भिंगातून दोन्हींवर कितीदा तरी नजर फिरवली आणि गहिवरून म्हणाला, "फरक जाणवतो गं."

"जाणवणारच," ती म्हणाली आणि खोके उचलायला लागली.

मशीन खिडकीपाशी आलं. तोही शब्दाला जागला. पुन्हा कुठल्याही रद्दीच्या दुकानाची पायरी चढला नाही. आता रविवारी तो दिवसभर घरीच असतो.