आत्याबाईंची भिडू

साऱ्या चिखलीत माझ्या आतेसासूबाईंना मेंढीकोटात हरवणारं माणूस नव्हतं. असतं, तरी त्यांनी ते कबूल केलं नसतं. हरलेला डाव त्या ‘पत्ते बरोबर पिसलेच नव्हते’ म्हणून सरळ रद्द करत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा लग्न होऊन मी पुण्याहून तिथे गेले. तिसऱ्याच दुपारी त्यांनी मला समोर बसवलं. समोरचा तो भिडू, बाजूचे दोघे वैरी. मग ते सख्खे भाचे, म्हणजे माझा नवरा आणि दीर, का असेनात. बिचारा नवरा आढ्याकडे बघत बसलेला असला तरी त्या पत्त्यांवर पदर ओढून ओरडत, “काऊन बे, माह्या पत्त्यात पाहून राह्यला?”

“दश्शी म्हणजे मेंढी,” त्यांनी मला शिकवलं. “भिडूचा हात होत असंन, तं आपली मेंढी बिनधास्त त्याच्यावर टाकाची. पन भिडूच्या पानावर हुकूम नाही माराचा.” मी पहिल्याच डावात त्यांच्या बदामच्या एक्क्यावर हुकूम मारला. जेवताना माझ्या ताटात दोन भाकरी जास्त पडल्या. “खाय. डोक्याले ताकद पायजे तुह्या.”

वर्षभर आम्ही दोघींनी त्या भाच्यांना सळो की पळो केलं. मग दिवाळीत माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला. आत्याबाई ‘मले, तुले’ म्हणाल्या की तो माझ्याकडे बघून हसायचा, आणि मीही हसायचे. दुपारी त्या पत्ते पिसून नेहमीसारख्या माझ्यासमोर बसल्या. मला एकाएकी त्यांची लाज वाटली. “आत्याबाई, आज मी भावाबरोबर खेळते,” मी म्हणाले.

त्यांनी पत्ते माझ्या हातात दिले. “खेळ बाई. मले डाळ निवडाची हाय.”

तो डाव आम्ही जिंकलो. त्यानंतर मात्र डाव मांडू का विचारलं, की त्यांना डाळ तरी निवडायची असे, नाहीतर त्यांचे डोळे दुखत. चुकले, एवढंच मला म्हणायचं होतं. ते रोज उद्यावर गेलं. पुढच्या वर्षी त्या वडनेर भोलजीला पुतण्याकडे राहायला गेल्या.

तीन वर्षांनी मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले. नांदुऱ्यापासून सगळ्या वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आधीच विचारलं, “तुहा भाऊ कसा हाय वं? मोठा हसरा पोरगा. त्याले घेऊन येजो एकडाव.”

“आणते,” मी म्हणाले.

फाट्यापर्यंत त्या मला पोचवायला आल्या. माझ्या पिशवीत ओल्या शेंगा कोंबल्या, कंडक्टरला ‘पोरीले खिडकीपाशी बसव’ म्हणून दटावलं. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीच्या गजाला हात लावून उभ्या होत्या. मला तेव्हाही बोलता आलं असतं.