अल बर्शातली सोरॉरिटी

अपर्णा रेगे कॉलेजात एल.आर. होती. एल.आर. म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, मुलींची पुढारी. ही गोष्ट दुबईतल्या अल बर्शा भागातल्या ज्या मराठी माणसाला ठाऊक नाही, तो बहुधा कालच विमानतळावर उतरला असावा. "मी निवडून आले होते," असं ती सांगते. खरं म्हणजे तिच्या वेळी पुण्यात कॉलेजच्या निवडणुका बंद होत्या आणि प्राचार्यांनी मार्क बघून तिचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. पण वर्षं सरली की आठवणींनाही बढती मिळते, आणि ती नाकारायला प्राचार्य आता हयात नाहीत.

लग्न होऊन ती दुबईला आली आणि तिचं राजकारण खुंटलं. इथे आपल्याला मत नाही. भारतात मत आहे, पण ते द्यायला स्वतः जावं लागतं, आणि अपर्णाच्या मते निवडणूक आयोग मुद्दाम तिच्या मुलीच्या परीक्षेतच तारखा लावतो. तेव्हा देशाचं नेतृत्व करायची सगळी हौस तिने एका भिशीवर भागवली. महिन्यातून एकदा आसपासच्या टॉवरमधल्या आठ-नऊ बायका एकीच्या घरी जमतात. भिशीतले पैसे केव्हाच बंद पडले, खाणं तेवढं चालू राहिलं. अपर्णा या भिशीची अध्यक्ष. हे पद तिला कोणी दिलं असं कोणी विचारत नाही, कारण उत्तर फार लांबतं.

यंदा ऑगस्टमध्ये तिची एकुलती एक मुलगी अस्मी पॉलिटिकल सायन्स शिकायला अमेरिकेला गेली. सामान लागतं न लागतं तोच तिचा फोन आला, "आई, आय'म रशिंग अ सोरॉरिटी!"

"काय? कुठे रश करतेस? नीट जेवलीस का?"

मग अस्मीने समजावून सांगितलं. तिथे कॉलेजात मुलींची मंडळं असतात, त्यांची आपली घरं असतात. नव्या मुलींनी आठवडाभर घरोघर जाऊन गोड बोलायचं. त्या गेल्या की घरातल्या मुली दार लावून ठरवणार, उद्या कोणाला परत बोलवायचं आणि कोणाला नाही. शेवटच्या दिवशी ज्यांना आमंत्रण, म्हणजे 'बिड', येईल त्या जन्मभराच्या बहिणी.

"म्हणजे दारू," अपर्णा म्हणाली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तो सगळा दिवस तिने जप केला. दुसऱ्या दिवशी नेट उघडलं, आणि जप थांबला.

अमेरिकेच्या सिनेटमधल्या बायका सोरॉरिटीतल्या. हाऊसमधल्या सोरॉरिटीतल्या. एक तर थेट उपराष्ट्राध्यक्ष झाली, आणि तिची आई भारतातली! अपर्णाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. यातल्या काही सोरॉरिट्या कृष्णवर्णीय मुलींनी काढल्या होत्या, कारण त्या काळी बाकीच्या घरांची दारं त्यांना बंद होती, असंही त्याच पानावर खाली लिहिलं होतं. अपर्णा तेवढ्या खालपर्यंत गेली नाही. मथळ्यातच तिला जे हवं ते मिळालं होतं.

"उपेंद्र, आपली अस्मी सिनेटर होणार," संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं.

उपेंद्र सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसातून ट्रॅफिक खाऊन आलेला. तो म्हणाला, "कशी होणार? जन्म इथला, पण इथे व्हिसा. तिकडे स्टुडंट व्हिसा. पासपोर्ट भारताचा. जिथे हिला मत आहे तिथे ही फक्त जुलैत वाशीला मावशीकडे झोपा काढायला जाते. उभी राहायचीच तर वाशीतून राहील."

"तू ना, कायम निगेटिव्ह. नेटवर्क बनतं रे तिथे! एकदा आत घेतलं की झालं. इन्शाल्ला होईल सगळं."

वरवर थट्टेचं वाटलं तरी तिचा जीव त्यात खरोखर अडकला होता. आपल्याला जे जमलं नाही ते पोरीला जमावं, आणि त्यासाठी तिकडच्या कुठल्या अनोळखी मुलींनी तिला फक्त 'ये' म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं. रोज पूजेला बसली की तेवढंच मागायची. फक्त हौस अशी की मुलीचं ठरेपर्यंत आईला दम निघेना. तिने भिशीचीच सोरॉरिटी केली.

भिशीला तीन ग्रीक अक्षरं मिळाली, त्यातलं मधलं अजून कोणालाही उच्चारता येत नाही. अबोली रंग ठरला, तो कोणालाच शोभत नव्हता. भिशीतली सुनेत्रा वयाने अपर्णापेक्षा मोठी, तरी तिला 'लिटल सिस्टर' व्हावं लागलं, कारण 'बिग सिस्टर'ची जागा आधीच भरलेली होती. आणि मुख्य म्हणजे नव्या बाईला आता असंच कोणी घेणार नव्हतं. तिची मुलाखत होणार होती.

आता मुलाखत म्हटली की कोणीतरी बळी हवाच. तो वैभवीच्या रूपाने चालत आला. वैभवी शारजातून, अल मजाजमधून, नुकतीच अल बर्शात राहायला आलेली. नवरा महिन्यातले निम्मे दिवस सौदीत, मुलगा शाळेत, शेजारी एकही मराठी दार नाही. लिफ्टमध्ये सुनेत्राला मराठीत फोनवर बोलताना ऐकून ती बिचारी इतकी हरखली, की आपला मजला सोडून चार मजले वर गेली आणि पुन्हा खाली आली. "मला घ्याल का हो तुमच्यात?" तिने विचारलं, आणि मुलाखतीच्या दिवशी सुनेत्राच्या घरी डबाभर अळूवड्या घेऊन हजर झाली.

बायकांनी अळूवड्या खात खात मुलाखत घेतली. पुण्यात कुठे? कॉलेज कुठलं? मिस्टरांचं डेझिग्नेशन? वैभवीने सगळी उत्तरं दिली आणि शेवटी साधेपणाने विचारलं, "पण ताई, तुमच्यात नक्की करतात काय?"

हा प्रश्न भिशीच्या इतिहासात कोणी विचारला नव्हता. अपर्णाने तिला सुनेत्राच्या मुलांच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"शारजाची आहे गं," एक म्हणाली. एका गावातून शेजारच्या गावात आलेली बाई, पण सूर असा की जणू समुद्र पोहून आली.

"हसते किती मोठ्यांदा."

"आणि लिफ्टमध्ये मुलाशी सारखं हिंदी. 'बेटा इधर आओ'."

"स्टँडर्ड ठेवायचं तर कुठेतरी नो म्हणायलाच हवं," अपर्णा म्हणाली. "खलास. कोणी चहा टाकतंय का?"

वैभवीला तोंडावर कोणी काही सांगितलं नाही. तेवढ्या सुसंस्कृत त्या सगळ्या होत्या. तिला रिकामा डबा धुऊन परत दिला आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप गेला, की तुझी आणि ग्रुपची व्हाइब थोडी वेगळी आहे, पुढे हात जोडलेले. वैभवीने त्यावर 'ठीक आहे ताई' एवढंच लिहिलं. असल्या बायकांची मला चीड येते, आणि सगळ्यात जास्त चीड याची येते की त्या रात्री त्या सगळ्या शांत झोपल्या.

तिकडे अस्मीचा तो आठवडा सुरू झाला. एका घराने तर तिला रोज परत बोलावलं. "दे लव्ह मी, आई! लाइक, लिटरली!"

"त्यांना सांग, माझी आई एल.आर. होती."

"आई, नोबडी नोज व्हॉट दॅट इज."

निकालाच्या दिवशी अपर्णाने भिशी स्वतःच्या घरी ठेवली. अबोली रंगाचा केक आला, त्यावर त्या घराची ग्रीक अक्षरं. 'फ्यूचर सिनेटर' असंही लिहून घेणार होती, पण उपेंद्र म्हणाला, "यल्ला, मग मी निघालो, मॉलमध्ये जाऊन बसतो," म्हणून तेवढं राहिलं. चारच्या सुमाराला, म्हणजे तिकडे सकाळी, फोन वाजला. सगळ्यांना दिसावं म्हणून अपर्णाने व्हिडिओ लावला, फोन केकला टेकवून उभा केला आणि बायकांना गप्प बसण्याची खूण केली.

पडद्यावर अस्मीचा चेहरा आला. डोळे सुजलेले, नाक लाल.

"आई, दे ड्रॉप्ड मी."

"म्हणजे? अगं, पण कालपर्यंत तर..."

"आय डोन्ट नो! दे हग्ड मी काल. आज सकाळी एक मुलगी कॉल करते, अँड शी सेज, सॉरी, देअर इज नो बिड फॉर यू." रडताना पोरगी निम्मं मराठी बोलत होती. लहानपणी पडल्यावर बोलायची तसं. "व्हॉट डिड आय डू, आई? माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं बाळा. त्यांचंच नशीब फुटकं."

"देन व्हाय? त्या दार बंद करतात, ना? मग आत काय बोलतात अबाउट मी? दे मस्ट हॅव सेड समथिंग!"

कोणीतरी प्लेट हळूच खाली ठेवली. अपर्णाला थाप मारता आली असती. थापा तिला चांगल्या जमतात, हे आपण पाहिलंच. पण समोर पोर हुंदके देत होती आणि उत्तरासाठी आईच्या तोंडाकडे बघत होती.

"काही बोलत नाहीत गं," ती म्हणाली. "तुला वाटतं तसं तासभर बसून तुझ्यात काय वाईट आहे ते शोधत नाहीत. कोणीतरी म्हणतं, फार मोठ्यांदा हसते. कोणीतरी म्हणतं, तिकडची आहे. दोन मिनिटं. मग कोणीतरी चहाचं विचारतं. आम्हीसुद्धा तेवढंच केलं."

अस्मीचं रडणं थांबलं. तिने नाक पुसलं.

"आम्ही? हू इज 'आम्ही', आई?"

अपर्णाने फोन उचलला. अबोली साड्यांतल्या बायका एकदम पदर सावरू लागल्या, कोणी पाण्याचा ग्लास शोधू लागली. तिने कॅमेरा फिरवला आणि लेकीला एकेकीचा चेहरा दाखवत गेली, कोणाला घाईघाईने हसूही न देता. सगळ्या झाल्यावर तिने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला आणि तसाच धरून ठेवला.