किर्तीच्या घरातलं सामान

किर्तीला आंधळी म्हटलेलं चालायचं. अंध, दृष्टिहीन, दिव्यांग हे शब्द तिने सभांमधून ऐकले होते. पण सभा संपली की खुर्च्या उचलणारे तिला "ए आंधळी, सरक" असंच म्हणायचे, आणि त्यात निदान काय करायचं ते कळायचं.

बदलापूरला बेलवलीत बैठ्या चाळीत तिची एक खोली. बाप बाळाजी अंबरनाथच्या कारखान्यात लोखंड उचलून उचलून कमरेत वाकला, तेव्हा कुठे ती खोली झाली. मरायच्या आधी त्याने ती पोरीच्या नावावर केली. "चुलता बघेल, मामा बघेल, असलं काही नको," म्हणाला. "बघणारे पुष्कळ असतात."

त्या खोलीतच किर्ती वाढली. तिथे ती सरळ चालायची, पाणी भरायची, भाकरी थापायची. पावलंबिवलं मोजत नसे. आंधळी माणसं मोजून चालतात असं डोळसांना वाटतं. आपल्या तोंडात घास घालताना कोण मोजतं?

काम विजेच्या बटणांचं. उल्हासनगरच्या एका शेठचा टेम्पोवाला हितेश सुट्ट्या भागांची गोणी दारात टाकायचा आणि तयार मालाची घेऊन जायचा. काम दिसायला सोपं. स्प्रिंग बोटाखाली दाबून धरायची आणि त्याच वेळी स्क्रू फिरवायचा. जोर कमी पडला तर स्प्रिंग उडते, जास्त पडला तर बटण अडकतं. संध्याकाळी अंगठ्याला चिमटा काढला तरी समजत नाही. शेठ म्हणायचा, "किर्ती का माल वापस नहीं आता." इतकंच म्हणायचा, पण माणूस धंद्यात असं फुकट बोलत नाही. तिने कधी न पाहिलेला उजेड तिच्या बटणांवर लोकांच्या घरात चालू-बंद होत होता.

तिचं लग्न कैलासशी झालं. कैलास एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. आंधळ्या मुलीशी लग्न केलं म्हणून गल्लीतल्या मंडळाने मांडवातच त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. नवऱ्या मुलाने तोवर फक्त हार घातला होता. किर्ती शेजारी उभी होती. तिचा सत्कार कोणी केला नाही. ती तर नुसतं लग्न करत होती.

फोटो भिंतीवर लागला. पहिलं वर्ष बरं गेलं.

मग चाळ पाडून इमारत होणार अशी बोलणी निघाली. कैलास एका सकाळी चहा पिताना म्हणाला, "खोली माझ्या नावावर करून टाकू. तुला कुठे बिल्डरच्या ऑफिसात धावायला लावू?"

"बाबांनी माझ्या नावावर केलीय. राहू दे."

"बरं," कैलास म्हणाला. आवाज चढवला नाही. कप धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी मोरी आणि ओटा यांच्या मधोमध बसायचा पाट आडवा पडलेला होता. किर्ती हातात कळशी घेऊन आली आणि तोंडावर आपटली. ओठातून दात गेला.

कैलास धावला. तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणाले, "बाई, नशीब काढलंत. असा नवरा मिळत नाही."

नंतर कपाटाचं दार उघडं राहायला लागलं, नेमकं कपाळाच्या उंचीवर. मग खाट हातभर पुढे आली. एकदा किर्तीचं मनगट मोडलं. हाड मोडताना आतून आवाज येतो, तो तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कैलास हातही उचलायचा, पण क्वचित. हात उचलायला ताकद लागते, वळ उठतो, शेजारी विचारतात. सामान सरकवायला काय लागतं? पाय लावला की झालं. कामचुकार माणसाने शोधलेली मारहाण होती ती.

प्रत्येक दवाखान्यानंतर तो शेजारच्या मोतीबाईच्या ओट्यावर बसायचा. "मावशी, हिचं आता एकटीने निभत नाही. कधी जीव जाईल सांगता येत नाही. अंधांसाठी आश्रम असतात, तिथे चांगली सोय होते."

मोतीबाई इथल्याच आगरी घरातली. तोंडाने फटकळ, मनाने कुणाच्याही बाजूने पटकन होणारी. तिला कैलास देवमाणूस वाटायचा. "गो किर्ते," ती ओरडायची, "नवरा तुला फुलासारका जपतंय, आनि तू रोज आपटतंस! जरा सांभालून चालावं का नाय?"

"मावशी, मी सांभाळूनच चालते. सामान सांभाळून राहत नाही."

"सामानाला काय पाय फुटतान?"

एका सकाळी मोतीबाई वाटीभर कालवण घेऊन आली. दार अर्धवट उघडं होतं. आत कैलास ड्युटीवर निघण्याच्या तयारीत. त्याने पाट पायाने लोटला, मागे सरून पाहिलं, पुन्हा थोडा उजवीकडे घेतला. भिंतीवर तसबीर लावणारा माणूस ती सरळ आहे का ते जसं बघतो, तसं त्याने बघितलं आणि डबा घेऊन निघून गेला. मोतीबाई दाराआड उभी राहिली. कालवण निवलं.

"पोरी," ती आत येऊन म्हणाली, "सामानाला खरंच पाय हायेत गो. कैलासचे."

त्या दिवसापासून कैलास गेला की मोतीबाई येऊन घरावरून नजर फिरवायची. तोवर किर्ती भिंतीला टेकून बसून राहायची. स्वतःच्या घरात, कुणी वाट मोकळी करून देईपर्यंत.

मोतीबाईने हेल्पलाइनला फोन लावून दिला. पलीकडची मुलगी गोड होती. म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या महिला मदत केंद्रावर या, म्हणजे समोरासमोर बघता येईल."

पोलीस ठाण्यात जयदेव हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. "मारहाणीच्या खुणा आहेत का?"

किर्तीने ओठ दाखवला, मनगट दाखवलं.

"हे पडून झालंय."

"पाडलं म्हणून पडले."

"त्याने ढकललं?"

"पाट ठेवला."

जयदेवने पेन खाली ठेवलं. "बाई, पाट ठेवणं कुठल्या कलमात बसवू? उद्या माझी बायको माझ्यावर खुर्चीची केस करेल."

महिलांच्या आधारगृहात विचारलं. तिथे जागा होती, पण आंधळ्या बाईबरोबर तिचं बघायला घरचं कोणीतरी माणूस हवं, असा नियम होता. घरच्या माणसापासून पळून आलेल्या बाईने घरचं माणूस बरोबर आणायचं. नियम करणाऱ्याला सगळं सुचलं होतं, एवढं सोडून. किर्तीला तसंही जायचं नव्हतं. जी एक जागा पायाखालची होती, ती सोडून परक्या घराच्या भिंती चाचपायला ती कशाला जाईल? तिला तीच खोली हवी होती, आणि त्यात कैलास नको होता. इतकं सरळ मागणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

शेवटी ती केंद्रावर गेली. तिथे उन्नती मॅडम होत्या, घरात छळ होणाऱ्या बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकारी. बाई वाईट नव्हती. टेबलावर अर्जांचा ढीग आणि हाताखाली एक माणूस. तिने रीतीप्रमाणे दोघांना समोर बसवलं.

"कैलासराव, घर नीटनेटकं ठेवत चला."

"हो मॅडम."

"आणि किर्तीताई, तुम्हीही जरा जपून."

निघताना मॅडमनी एक छापील माहितीपत्रक दिलं. अंध व्यक्तीसाठी घर सुरक्षित कसं ठेवावं, काय काय टाळावं. दिलं किर्तीच्या हातात. वाचून कोण दाखवणार? कैलासने दाखवलं. संध्याकाळी खाटेवर बसून, शाळेत धडा वाचतात तसं. कपाटाची दारं अर्धवट उघडी ठेवू नयेत. वाटेत तिवई, स्टूल ठेवू नये. गरम पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवू नये.

"बघ, किती विचार केलाय लोकांनी," तो म्हणाला. "हे गरम पाण्याचं तर माझ्या लक्षातच नव्हतं."

पुढे काही दिवस सगळं जागच्या जागी होतं. मोतीबाईचं येणंही सैल झालं. मग एका सकाळी किर्ती मोरीकडे निघाली आणि तिचा डावा पाय उकळत्या पातेल्यात गेला.

पाय बरा व्हायला फार वेळ लागला. केंद्राकडे तिने पुन्हा अर्ज केला. त्यावर 'घरगुती मतभेद' असा शेरा पडला आणि गृहभेट घ्यायची असं ठरलं. गृहभेट राहिली ढिगात.

त्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. लाइट गेली की ऑफिसातले पंखे बंद. पंखे बंद झाले की मॅडमना गृहभेटी आठवत. अशाच एका शुक्रवारी भर उन्हात मॅडम जयदेवला बरोबर घेऊन किर्तीच्या दारात आल्या. कैलासची त्या दिवशी सुट्टी होती. सकाळी खोलीत बरीच ओढाताण करून तो नाक्यावर चहाला गेला होता. डास येतात म्हणून खिडकीही लावून गेला होता. मोतीबाई हळदीला गेलेली. किर्ती भिंतीला टेकून बटणं भरत होती.

"किर्तीताई, मी उन्नती. केंद्रातून."

"मॅडम, थांबा. आत पाय टाकू नका."

"चपला काढू का?"

"चपला राहू द्या. मी आधी हाताने चाचपून वाट करते. सकाळी सामान सरकल्याचा आवाज झालाय."

"अहो, बसा तुम्ही. मला दिसतं ना."

बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतला अंधार. मॅडमचं पाऊल आडव्या पडलेल्या तिवईत अडकलं. त्या हातावर पडल्या. हाड मोडल्याचा तो आवाज किर्तीने ओळखला. जयदेव उचलायला म्हणून धावला आणि कपाटाच्या दाराचा कोपरा त्याच्या कपाळात बसला.

"भाऊ, जागेवर बसा," किर्ती म्हणाली. "अजून काय काय आहे मला ठाऊक नाही."

ती गुडघ्यांवर पुढे झाली. तळवा फरशीवर फिरवत तिवई बाजूला केली, कपाटाचं दार लावलं, विळी सापडली ती ओट्यावर ठेवली. मग मॅडमना काखेत हात घालून उठवलं आणि खाटेवर बसवलं. किर्ती दणकट बाई, उठवताना कण्हली नाही. कण्हत मॅडम होत्या.

"हे… हे असं रोज असतं?"

"रोज नसतं. रोज असतं तर मला माहीत झालं असतं."

आरडाओरडा ऐकून कैलास नाक्यावरून पळत आला. दारातून त्याने मॅडमचा लोंबकळता हात पाहिला, हवालदाराचं रक्ताळलेलं कपाळ पाहिलं, आणि त्याचा तोल सुटला. दोन्ही हात जोडून तो म्हणाला, "मॅडम, आईशप्पथ सांगतो, ते तुमच्यासाठी नव्हतं ठेवलं!"



मग जयदेवने रुमाल कपाळावर दाबत विचारलं, "मग कोणासाठी ठेवलं होतंस, भावा?"

ज्या जयदेवला पाट बसवायला कलम सापडत नव्हतं, त्याला तिवई बसवायला त्याच दुपारी तीन सापडली. त्यातलं पहिलं सरकारी माणसाला दुखापत केल्याचं होतं. किर्तीचा ओठ, मनगट आणि पाय त्याच्या मागोमाग आत शिरले. मॅडमनी प्लास्टरमधल्या हाताने लिहिता येईना म्हणून अहवाल शिपायाकडून लिहून घेतला. त्यात आता 'मतभेद' हा शब्द नव्हता. आपल्या पडण्याचं वर्णन त्यांनी बारकाईने केलं होतं. किर्ती तशीच किती वेळा पडली होती, तेही त्यांनी या खेपेला विचारून घेतलं.

उल्हासनगरच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. कैलासच्या वकिलाने शाल-नारळाचा फोटो पुढे केला. मोतीबाई साक्षीला उभी राहिली. "फोटो खरा हाय साहेब," ती म्हणाली. "मी तवा टाल्या वाजवल्या. पाट सरकवताना बगितला तवा टाल्या वाजवायला हात उठलं नाय."

कोर्टाने कैलासला त्या खोलीत पाऊल टाकायला मनाई केली. तो आपले कपडे आणि फोटो घेऊन भावाकडे गेला. बाकीचे खटले चालू राहिले.

आठवडाभराने मॅडम विचारपूस करायला आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "येऊ का आत?" त्यांनी विचारलं. आत येऊन बसल्यावर म्हणाल्या, "आता एकट्या कशा राहणार? आश्रमाचं बघू का?"

"हेच कैलासही विचारायचा," किर्ती म्हणाली. मॅडमनी चहा संपवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मॅडम गेल्यावर किर्तीने मोतीबाईला हाक मारली. खाट खिडकीखाली घ्यायची होती. तिथे वारा लागतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण बाप होता तोवर खाट बापाने ठरवलेल्या जागी, नंतर नवऱ्याने ठरवलेल्या.

"र्‍हाऊ दे गो जागेवर," मोतीबाई म्हणाली. "आता कुठं सगला सरल झालाय. आपटशील."

"आपटेन. मावशी, ओढू नका, फरशी खरवडते. उचला. डोक्याकडची बाजू जड आहे, ती मी घेते."

"बारक्या बाईला बारकी बाजू दे की."

"तीच दिलीय. चला, दमात घ्या."

दोघींनी खाट उचलली. मध्ये एकदा टेकवली, दम घेतला, पुन्हा उचलली. खिडकीखाली बसली तेव्हा मोतीबाईच्या पाठीत कळ आली आणि ती किर्तीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी गेली.

संध्याकाळी किर्ती गोणी घ्यायला उठली आणि खाटेचा नवा कोपरा तिच्या नडगीत बसला. तिने खणखणीत शिवी हासडली.

भिंतीपलीकडून मोतीबाई ओरडली, "काय झाला गो? कोण आलाय?"

"कोणी नाही. खाट आहे."

नडगी चोळून ती गोणीपाशी बसली आणि पहिली स्प्रिंग अंगठ्याखाली दाबली.