पिना मारलेलं प्रकरण

माझ्या साडभावाइतका तापट माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्याचा सगळा ताप कॉमिक्सपायी आहे, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा; उमरखेडच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. एसटी चुकली, वरणात मीठ नसलं, तरी तो अवाक्षर काढत नाही. पण कुणी बोटाला थुंकी लावून कॉमिक्सचं पान उलटलं, की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मी त्याच्या घरी गेलो की तो आधी माझे हात हुंगायचा. "भाऊ, तू भजे खाऊन आला! जाय, साबन लाव. तोवर त्या कपाटाकडे पाहू बी नको!" एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी कॉमिक्सला 'लेकराइचे पुस्तकं' म्हणालं, तर हा ताटावरून उठला. वरमाय समजूत घालायला आली, तेव्हा तिलाही त्याने बोलण्याचा फुगा आणि विचाराचा फुगा यांतला फरक समजावून सांगितला, तोही ओरडून. खलनायकाचे बूट काळे की तपकिरी, एवढ्यावरून त्याने जिवलग दोस्त धनूभाऊशी कित्येक दिवस अबोला धरला होता. पुढे याच विषयावर त्याने पीएच.डी. केली, तीही रागानेच. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी "यात साहित्य कुठे आहे?" असं विचारलं, तर म्हणाला, "वाचलं असतं तर दिसलं असतं, सर." तरी पदवी मिळाली, याचं श्रेय मी परीक्षकांच्या सहनशीलतेला देतो.

उमरखेडच्या या कॉमिक्सवेड्यांचं टोळकं रविवारी रशीदभाईंच्या गॅरेजात जमतं, आणि त्यांचा एकच कायदा आहे: गोष्टीचा शेवट सांगायचा नाही. त्यांच्या लहानपणी दोन भागांच्या गोष्टी यायच्या. पहिला भाग बसस्टँडच्या स्टॉलवर मिळायचा, दुसरा गावापर्यंत पोचेलच असं नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाकडे एखादी अर्धी गोष्ट आहे. रशीदभाईंची गोष्ट राजूरला, खाणकामगारांच्या वसाहतीत वाचलेली: नायक कोळशाच्या खाणीत अडकतो, बाहेर त्याचा कुत्रा माती उकरत असतो, आणि पान संपतं. दुसरा भाग ते अजून शोधताहेत. साडभावाला तो संशोधनाच्या फिरतीत दूरच्या एका संग्राहकाकडे वाचायला मिळाला होता. पण रशीदभाईंना तो त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

पीएच.डी.चा आनंदसोहळा गॅरेजातच झाला. आधी सगळ्यांनी धुण्याच्या पावडरीने हात धुतले. सोयाबीनवाला धनूभाऊ म्हणाला, "डॉक्टर, माह्या बैलाले ताप हाय. येतो का पाहाले?"

"त्यानं कॉमिक खाल्लं असंन तर मरू दे!"

मग त्याने प्रबंधाच्या प्रती वाटल्या. चौथं प्रकरण शेवटांविषयी होतं, आणि मित्रांच्या प्रतींत त्याने त्या सगळ्या पानांना कडेने स्टेपलरच्या पिना मारल्या होत्या. माझी प्रत मात्र मोकळी. "तुले काय, तू वाचनारच नाही," म्हणाला.

हे मला लागलं. आपणही त्याचं कौतुक करू शकतो हे दाखवायला मी उभा राहिलो, प्रत मधोमध उघडली आणि मोठ्याने वाचू लागलो. "खाणीत अडकलेल्या नायकाला कुत्रा बाहेर काढतो, मात्र दुसरी दरड कोसळून तो स्वतः आतच..."

"थांब! अरे मानसा, थांब नं!" साडभाऊ ओरडला.

पण झालं होतं. रशीदभाईंच्या हातातला आलूबोंडा तसाच राहिला. "कुत्रं मरते?" ते म्हणाले. मग आवाज चढला. "काहून मरते? म्या माह्या पोरीइले सांगतलं, दोघं बी घरी येतात. राजूरले सांजच्याले खानीतून सगळे वर येत. माहे अब्बा बी येत. हे कोनं लेहलं?"

साडभाऊ कपाळावर हात मारून उभा होता. मला वाटलं, आता हा फुटणार. त्याने माझ्या हातातली प्रत घेतली, ते पान नुसतं पाहिलं, आणि हळू म्हणाला, "माहंच चुकलं असंन, भाई. घाईत वाचलं म्या. तुमचाच शेवट बरोबर हाय."

"म्हंजे पीएच.डी. चुकली?" धनूभाऊने विचारलं.

"चुकली."

"मले वाटलंच," रशीदभाई म्हणाले, आणि आलूबोंडा खाली ठेवून हात पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

मी दहादा माफी मागितली. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि थोडा त्याचाही आला. चार पिना माझ्या प्रतीला मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं? तो मात्र माझ्यावर रागावला नाही. अजून रागावलेला नाही. आता मी गेलो की खुर्ची पुढे करतो. "या, दादा, बसा," म्हणतो. हात हुंगत नाही.

परवा मी त्याच्याकडे जाण्याआधी मुद्दाम भजी खाल्ली. त्याच्या कपाटातलं एक जुनं कॉमिक काढलं, त्याच्या डोळ्यांसमोर बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. मग त्याच्या कानांकडे पाहत राहिलो.

"चहा घेणार ना तुम्ही?" त्याने विचारलं, आणि आत गेला.