खंडेनवमीचं इंजिन

पिंपळगाव रेणुकाईचा कडूबा शेती सोडून परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. त्याचं बिऱ्हाड इंजिनघराला लागूनच होतं आणि उस्ताद होता गोरा, बार्लोसाहेब. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात हा इंजिनियर मुंबईला रस्त्यावरचे गॅसदिवे बसवायला आला, पुढे कोलंबो, रंगून फिरला. शहरांत वीज आली, साहेबाचं बस्तान उठलं आणि म्हातारपणी तो परतुरात कोळशाच्या गॅसवर चालणारं जिनिंगचं इंजिन सांभाळत येऊन पडला. विलायतेत वाट पाहणारं कुणी नव्हतं. कडूबाच्या बायकोच्या, सोनूबाईच्या हातची भाकरी मात्र हक्काने मागून खायचा.

त्याचा एकच हुकूम होता: इंजिन बंद, तर खिडक्या खुल्या. इंजिन चालू असलं की ते गॅस ओढून घेतं, बंद असलं की भट्टीतून निघणारा तो विषारी गॅस खोलीत साचतो, आणि त्याला ना रंग ना वास. कडूबाने हे हजारदा ऐकलं होतं आणि नेमकं त्या खंडेनवमीला विसरला.

त्या दिवशी अवजारं पुजायची, यंत्राला हात लावायचा नाही. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या, पुढे दिवा लावला. तो दिवसभर तेवायला हवा आणि वारं तर सुटलेलं! कडूबाने पटापट खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्ताला इंजिन सुरू करायचं म्हणून भट्टीत विस्तव राखलेला होता, याचं त्याला भानच राहिलं नाही. देवाधर्माच्या घाईत माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी.

दुपारी बाजारातून आला तर घरात सोनूबाई नाही. शेजारची झुंबरबाई म्हणाली, "दिव्यात तेल घालाया गेल्ती, अजून आली न्हाई."

कडूबाला लावलेल्या खिडक्या आठवल्या. तो धावत सुटला. इंजिनघराचं दार सताड उघडं होतं आणि त्याच्याआधी पोचलेला साहेब बेशुद्ध सोनूबाईला काखांत हात घालून दाराकडे फरफटत आणत होता. म्हाताऱ्याचे पाय लटपटत होते. "खिडकी!" एवढंच तो बोलला, तिला कडूबाच्या अंगावर लोटलं आणि आतच कोसळला.

कडूबाने बायकोला लिंबाखाली वाऱ्यावर नेऊन टाकलं. तिची मान लुळी पडलेली. हिच्याजवळ थांबावं की आत जावं? तो जागीच थिजला. मग दम कोंडून आत शिरला, साहेबाला पायांनी धरून बाहेर ओढलं, छाती चोळली. "उठा साहेब, जल्दी उठा ना!" तिकडे झुंबरबाईने पाणी मारलं तशी सोनूबाई खोकली. साहेब उठला नाही.

त्याला गावाबाहेर बाभळीखाली पुरलं. जिनिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच, रेणुकाई पावली म्हणून बाई वाचली. सोनूबाई उठून बसती झाली, तेव्हा तीही म्हणाली, "अवो, आईची ओटी भराया जाऊ."

"जाऊ ना. पन पयले साहेबाच्या मातीवर डोकं टेक." कडूबा म्हणाला. "तुला त्यानं काढलं बाहेर. खिडक्या म्या लावल्त्या."