बारावी चूल

सकाळी सातला सुमित्राचा फोन आला. "बाई, आजी गेली." मग म्हणाली, "आज ते मोजायला येणारेत ना?" माझ्याही मनात आधी तेच आलं होतं. माणूस गेल्याची बातमी कानावर पडते आणि आपल्याला मोजणी आठवते! सहा आठवडे झाले, ती लाज अजून गेलेली नाही.

लखमीआजी दिंडोशीच्या मागच्या डोंगरातल्या वारली पाड्यावरची, सुमित्रा तिची सून. मी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी मला आदिवासी पाड्यांच्या मोजणीला जुंपलं होतं. पाडा तिथून हलवायचा होता आणि यादीत जितकी कुटुंबं, तितकीच नवी घरं मिळणार होती. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, हे आम्हाला पाठ करून पाठवलेलं. पाड्यावर चार लांबलचक घरं, एकेकात तीन-तीन चुली. आत पाहिलं तर चुली थंड, सारवून लख्ख, राखेचा कण नाही. वापरात नसतील, असं मी धरलं. पेटलेली फक्त आजीची. तिच्यावर तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि कुरडूची भाजी. "सगळे एकत्रच जेवता?" मी विचारलं. "मग! सगळे," आजी कौतुकाने म्हणाली. मी दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या, अख्ख्या पाड्याचं एकच कुटुंब लिहिणं बरं दिसेना म्हणून चार घरांची चार कुटुंबं लिहिली आणि काम लवकर उरकलं म्हणून खुशीत घरी आले.

यादी लागली त्या आठवड्यात आजी भाजीची पाटी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी. "बाई, माझ्या हातचं जेवलात आणि आमचीच आठ घरं खाल्लीत?" तेव्हा मला कळलं. पाहुणा आला की तो एका घरचा नसतो, पाड्याचा असतो. त्या दिवशी बाकीच्या अकरा चुली पेटत नाहीत. ज्याच्याकडे जे असेल ते तो घेऊन येतो आणि सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या चुलीवर रांधतात. त्यांनी माझा मान राखला होता आणि मी त्यांना यादीतून पुसलं होतं. चिडून मी तिलाच विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमी विचारलंत, एकत्र जेवता का. जेवतच होतो ना!"

पुढचं दीड वर्ष आम्ही दोघींनी कचेऱ्यांच्या बाकांवर काढलं. आजी चहा बशीत ओतून अर्धा मला द्यायची आणि समोरच्या कारकुनाला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या बाईंचं गणित कच्चं हाय. पोरांचं काय होनार?" मला राग यायचा, हसूही यायचं. माझी चूक तिने एकदाही माझ्या तोंडावर चूक म्हणून मारली नाही. आई गेल्यापासून इतक्या हक्काने मला कुणी चिडवलं नव्हतं.

अखेर फेरमोजणी मिळाली. अट एकच, पेटलेली चूल दिसली तरच ती धरणार. आणि नेमकी त्याच पहाटे आजी गेली. भावकीत मयत झालं की चूल पेटत नाही, आणि अख्खा पाडा एकाच भावकीचा. मी मोजणीच्या साहेबांना फोन केला. "वाईट झालं," ते म्हणाले, "पण यादी आज बंद होते. माझ्या हातात काही नाही."

मी पोहोचले तेव्हा आजी अंगणात चादरीखाली होती. उशाशी तिचा मुलगा काशिनाथ. सगळे माझ्याकडे बघत होते. चुली पेटवा, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? इतक्यात सुमित्रा उठली. आजी राहायची मुलाच्याच घरात, पण रांधायची वेगळं. सुनेची आमटी तिला पाणचट लागायची. रात्री राखेखाली निखारे पुरून झोपायची तिची सवय. सुमित्राने ते निखारे खापरात घेतले. काशिनाथ ओरडला, "आई भायेर निजलीय आन तू चूल पेटवतेस?"

"तिच्याच चुलीतला इस्तव हाय," सुमित्रा म्हणाली. "ती असती तर तिनंच वाटला असता."

काशिनाथने मान खाली घातली. बायका एकेक करून निखारा घेऊन गेल्या. चुलीवर अन्न कुणी ठेवलं नाही, नुसतं पाणी.

साहेब आले, मोजत गेले, मी लिहीत गेले. शेवटी ते आजीच्या चुलीशी वाकले आणि राखेवर तळहात धरला. "गरम आहे. बारा." माझं पेन कागदावर टेकलं होतं. खोटं कशाला बोलू, मी बारा लिहिणारच होते. दारातून काशिनाथचा आवाज आला. "ती आईची हाय, साहेब. अकरा लिवा."

मी अकरा लिहिले.

परवा पाड्यावर गेले होते. आजीची चूल सारवून ठेवलेली आहे, तिच्यावर कुणी रांधत नाही. सुमित्राने स्वतःच्या चुलीवरची भाकरी वाढली. बाहेर पाहिलं तर चारही घरांतून धूर निघत होता, सगळ्या चुलींचा. मी विचारलं, "अगं, आज पाहुणी आलेय ना मी?"

"आता नाय विझवत, बाई," ती म्हणाली. "कोन कवा मोजायला येल, काय सांगावं."