सीलीचा दगड

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात नव्या घरांच्या एका कॉलनीमागे पाइनची झाडं आहेत आणि त्या झाडांत एक जुनं दफनस्थान. मिस ओरिथा दर शनिवारी घडीची खुर्ची, विळा आणि कॉफीचा थर्मास घेऊन तिथे येत. पंचाहत्तरीच्या बाई. शाळेच्या मुलांसाठी जेवण रांधण्यात सगळी नोकरी गेली. रविवारी चर्चच्या दाराशी पांढरा ड्रेस, पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायच्या. त्या दिवशी त्यांच्या पुढे जाऊन मनाला येईल तिथे बसायची पाद्र्याच्या बायकोचीही छाती नव्हती.

दफनस्थानात नाव कोरलेली थडगी दोन-चारच. बाकी नुसते दगड, ओढ्यातून आणून उभे रोवलेले. भोवती निळ्या फुलांची वेल पसरलेली. कुठे शंख ठेवलेला, कुठे गेलेल्या माणसाची रोजच्या वापरातली कपबशी. गुलामीतून सुटलेल्या लोकांची हीच रीत होती. कुठला दगड कुणाचा, हे मिस ओरिथांच्या आईने त्यांना हाताला धरून दाखवलं होतं.

अगदी कडेचा दगड पणजीचा, सीलीचा. जन्मली तेव्हा ती दुसऱ्याच्या मालकीची होती. सुटल्यावर लग्न झालं, शेजारच्या काउंटीत घरच्यांनी जमीन घेतली. १९१२ साली तिथल्या गोऱ्यांनी झाडून सगळ्या काळ्या माणसांना हाकलून दिलं. शेत, घर, गुरं टाकून सीली उतारवयात इथे आली. इथल्या लोकांनी तिला मातीत जागा दिली, पण ती शेवटी आलेली, म्हणून कडेची.

या सप्टेंबरात कॉलनीच्या कमिटीने क्लबहाउससाठी पार्किंग काढायचं ठरवलं. आधी थडगी मोजणं भाग होतं. गुरुवारी मोजणीवाली बाई येणार, प्रत्येक दगडापाशी झेंडी लावणार आणि शेवटच्या झेंड्यांना धरून कुंपण पडणार. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मिस ओरिथा महिनाभर फिरकल्या नव्हत्या. सोमवारी काठी टेकत आल्या, तर सीलीचा दगड जागेवर नाही. शंखही नाही. फुटकी कपबशी तेवढी वेलीत पडलेली.

दगड नाही तर झेंडी नाही. झेंडी नाही तर सीली कुंपणाबाहेर, आणि तिच्यावर गाड्या.

मंगळवारी घरोघरी दगडाची चौकशी करायला निघताना त्यांनी रविवारचा पांढरा ड्रेस आणि टोपी घातली, हातमोजे चढवले. ऊन मी म्हणत होतं. पण या कॉलनीत अनोळखी काळ्या बाईने साध्या कपड्यांत दारोदार बेल वाजवली तर बेलवरच्या कॅमेऱ्यातला फोटो संध्याकाळच्या आत सगळ्यांच्या फोनवर फिरतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. एवढं करूनही दोन घरांनी दार न उघडता आतूनच काय हवंय ते विचारलं.

सुलेखाने दार उघडलं. पुण्याहून आलेली, पन्नाशीची, उपासतापास करणारी बाई. म्हातारीचा घामेजलेला चेहरा पाहून तिने आधी आत बसवलं, पाणी दिलं. ग्लास तोंडाला लावताना मिस ओरिथांची नजर मागच्या काचेतून डेकवर गेली. तुळशीच्या कुंडीशेजारी दगड उभा होता. त्याला हळद, कुंकू, वर ताजं जास्वंदीचं फूल, पुढे शंख.

त्यांनी ग्लास सावकाश खाली ठेवला.

"ती माझी पणजी आहे," त्या म्हणाल्या.

सुलेखाला आधी समजेना. कॉलेजात शिकणारी तिची मुलगी निधी मागून हळूच म्हणाली, "आई, ओ माय गॉड, इट्स अ ग्रेव्हस्टोन."

श्रावणातल्या एका सोमवारी सुलेखा त्या बाजूला फिरायला गेली होती. उभा गुळगुळीत दगड, पुढे शंख, भोवती फुलं. दुसरं काय वाटणार?

"मला वाटलं, कुणाचा तरी देव उघड्यावर पडलाय."

"उघड्यावर नव्हती ती," मिस ओरिथा म्हणाल्या. "माझ्याकडे होती."

दगड परत मिळाला, पण काम झालं नव्हतं. सुलेखाचा नवरा प्रताप कमिटीचा सेक्रेटरी होता. हललेला दगड म्हातारीने कुठेही रोवला तर कसं चालेल, असं त्याने मोजणीवाल्या बाईला फोनवर विचारलं. तीही म्हणाली की ज्याने उचलला त्याने जागा दाखवावी, नाहीतर झेंडी लावता येणार नाही. प्रतापने सुलेखाला गुरुवारी देवळात जाऊन ये म्हणून सुचवलं. "अर्धं पार्किंग जाईल. शिवाय लोक हसतील, सेक्रेटरीची बायको थडग्यांचे दगड चोरते म्हणून."

"चोरलाच की हो," सुलेखा म्हणाली. "देव समजून चोरला, एवढंच."

गुरुवारी ती गेली. झाडांच्या कडेला चपला काढल्या. कमिटीची माणसं, मोजणीवाली बाई, सगळ्यांसमोर तिने सांगितलं की दगड मी नेला. मग वेलीत गुडघे टेकून हाताने पानं बाजूला करत राहिली. बराच वेळ काही सापडेना. प्रताप घड्याळ बघत होता. मिस ओरिथांना जागा ठाऊक होती. त्या काठीवर दोन्ही हात ठेवून गप्प उभ्या होत्या, कारण त्यांनी बोट दाखवलं असतं तर ते ग्राह्य धरलं गेलं नसतं.

सुलेखाची बोटं खळग्यात गेली. निधीने दगड आणून उतरवला. किंचित फिरवावा लागला, मग बसला.

मोजणीवाल्या बाईने वाकून पाहिलं, दगडावरच्या पिवळ्या डागाबद्दल विचारलं, नोंद केली आणि झेंडी खोचली. कुंपणाची रेघ तिच्या पलीकडून गेली. प्रताप गाडीकडे निघाला.

सुलेखाने शंख परत ठेवला. मिस ओरिथांनी तो काठीने पालथा केला, पाणी साचू नये म्हणून. हळद-कुंकू घासून काढू का, असं सुलेखाने विचारलं.

"राहू दे. पावसाने जाईल."

"मी कधी येऊन पाणी घातलं तर?"

मिस ओरिथांनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"पाणी नको. शनिवारी ये, गवत काढायला. आणि बूट घालून ये, इथे साप आहेत."